घंटीसाठी वळलेला दोर

"तो दोर सोडू नका," माझा बाप म्हणाला.

विहिरीच्या काठावर जमलेली सगळी माणसं त्याच्याकडं बघायला लागली. खाली तळाशी मालक पडले होते. ज्यांची विहीर, तेच मालक. उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून गाळ काढायला ते सकाळी स्वतः उतरले होते. वर येताना मोटेचा नाडा, म्हणजे बैल ज्यानं मोट ओढतात तो जाड दोर, चाकाजवळ तुटला. ते पडले ते डाव्या पायावर. पाय गुडघ्याखाली भलतीकडं वळलेला वरूनही दिसत होता. गाळ निघाल्यामुळं झरा मोकळा झाला होता आणि पाणी त्यांच्या कमरेभोवती चढत होतं. आधी ते ओरडत होते. आता ओरडत नव्हते.

त्यांच्या धाकट्या भावानं शेजारच्या शेतावरून दुसरा नाडा धावत आणला होता आणि तो चाकावर टाकायच्या बेतात होता. तोही माझ्या बापानंच वळलेला होता. गावातला एकूण एक नाडा आमच्याच घरचा.

"कामून नको?" धाकटे मालक म्हणाले. "नवा करकरीत हाय की."

"नवा हाय. पर त्याच वाखाचा हाय. मधल्या पदरात कुजका वाख भरलाय म्या. ह्यो बी तुटंल."

तुटलेल्या नाड्याचं टोक त्याच्या हातात होतं. त्यानं पीळ उलगडून सगळ्यांना दाखवला. वरून वाख, म्हणजे अंबाडीचा धागा, पांढरा, आत काळा. नखानं ओढला की सुटत होता. त्यानं दाखवला नसता तर कुणाला कळलं नसतं. गर्दीतून एकजण तर म्हणतच होता, की बाटग्याचा दोर, नारळ न फोडता चढवला, तुटणारच. बाप गप्प राहिला असता तर त्या नारळावर सगळं भागलं असतं. फक्त मालक मेले असते.

धाकट्या मालकांनी काठी उचलली.

हा वाख कुजका का होता ते आधी सांगते.

आमचं गाव मुखेडच्या बाजूचं. निजामाचं राज्य होतं, रझाकारांची गडबड अजून सुरू झाली नव्हती. आम्ही मांगवाड्यात राहायचो. माझ्या बापानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी पाळण्यात होते, त्यामुळं मला आधीचं काही आठवत नाही. मांगवाड्यातली दहा-बारा घरं ख्रिस्ती झाली होती. गावाकडून त्यानं काही फरक पडला नाही. आम्ही वळलेला नाडा त्यांच्या विहिरीच्या पाण्यात दिवसभर बुडायचा, पण आम्ही त्या पाण्याला हात लावायचा नाही. दोर चालायचा, हात चालायचा नाही. आमच्या घरात यावर कुणी रडत बसलं नाही. कामच इतकं असायचं.

लोकांच्या बांधावरची अंबाडी कापली की तिच्या पेंढ्या ओढ्याच्या डोहात दगडाखाली दाबून ठेवायच्या. साल सुटायला आली की काढायची, झोडपायची, धुवायची, वाळवायची. मग जे निघतं तो वाख. वेळेवर काढला तर पांढरा, लांब आणि चिवट. जास्त दिवस पाण्यात राहिला तर काळा पडतो आणि जीव सोडतो. आम्ही माय-लेकी वाख विंचरायचो. बाप वळायचा. मी दुसऱ्या टोकाला उभी राहून पीळ भरायची. मिशनच्या शाळेत चौथी झाली होती, पुढं शाळा नव्हती, म्हणून दिवसभर तेच. हाताला घट्टे पडले होते. लग्न ठरताना मुलाकडच्या बाईनं माझे हात उलटे करून बघितले आणि म्हणाली, "कामाची हाय." तेवढीच माझी तारीफ.

त्या साली बाप तापानं पडला. तो उठेपर्यंत निम्मी अंबाडी डोहातच राहिली. काढली तेव्हा हाताला बुळबुळीत लागत होती. म्हणजे चांगला वाख नेहमीच्या निम्माच.

तेवढ्यात कापणीचा सण आला. आमच्या ख्रिस्ती लोकांत रीत अशी, की पीक निघालं की पहिला वाटा देवळात आणायचा. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. मातीच्या भिंती, वर पत्रा, दारात कडुलिंब. कुणी ज्वारीची कणसं आणायचं, कुणी कोंबडी, कुणी भोपळा. आमच्याकडं शेत नव्हतं. बाप दर सणाला रिकामा जायचा आणि मागं बसायचा. त्या साली मिशननं नांदेडहून घंटी पाठवली. कडुलिंबाला ती टांगली, पण ओढायला धड दोर नव्हता. देवळाचे पाळक उपदेशात म्हणाले, ज्याच्या हाताला जे येतं ते त्यानं आणावं, पहिलं आणि चांगलं ते देवाचं. बाप घरी आला तो उड्या मारतच.

"आपलं बी पीक हाय की," तो म्हणाला. "दोर!"

मायनं विचारलं, "वाख कोन्ता घालणार?"

"चांगला. देवाला काय काळा घालू?"

"मग नाड्याला?"

"उरंल त्यो."

"घंटीला कोन लटकणार हाय?" माय म्हणाली. "लई झालं तर चिमणी बसंल. नाड्याला मानूस लटकतो."

"तुला देवाचं कायबी कळत न्हाई."

"मला दोराचं कळतं," माय म्हणाली आणि विंचरायला बसली.

माझा बाप लबाड माणूस नव्हता. हे मी तो माझा बाप म्हणून सांगत नाही. आधी नाडा वळताना तो मरीआईला भ्यायचा. दोरात खोट ठेवली तर देवी घर धुऊन नेते असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं. ख्रिस्ती झाल्यावर ती भीती गेली. गेली ते बरंच झालं. पण मग त्याची समजूत अशी झाली, की नवा देव देवळात असतो, रविवारी असतो, प्रार्थनेत असतो, आणि नाडा हे आपलं पोटाचं काम, त्यात देवाचं काही नाही. देवाला उत्तम द्यायचं आणि बाकीचं कसंही उरकायचं. त्यात त्याला पाप दिसलं नाही. उलट पुण्य दिसलं.

चांगला वाख सगळा घंटीच्या दोरात गेला. गावाचे नाडे बाहेरून पांढरे आणि आतून काळे झाले. मी पीळ भरत होते, मला दिसत होतं. पण बाप करतो ते बरोबर, असं ते वय असतं.

घंटीचा दोर तयार झाला तो नाड्याएवढाच जाड आणि नाड्याएवढाच लांब. बापाला दुसरं मापच ठाऊक नव्हतं. कडुलिंबाखाली त्याचं हे एवढं वेटोळं पडलं. पाळक बघून हसायला लागले.

"अहो, घंटी वाजवायचीय का हत्ती बांधायचाय?"

"पुन्यांदा लागू नये म्हून," बाप म्हणाला.

पाळकांनी दोरावर हात ठेवून प्रार्थना केली. त्या सणाला बाप पहिल्यांदा पुढं बसला.

तर विहिरीवर धाकट्या मालकांनी काठी उचलली. बाप हलला नाही. तेवढ्यात मालकीणबाई मधे आल्या. मालकांच्या बायको. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता आणि तो सावरायचं भान त्यांना नव्हतं.

"काठी मागून हाना," त्या दिराला म्हणाल्या. "आधी मानूस वर काढा." मग बापाकडं वळल्या. "गावातला एक तरी दोर धड हाय का?"

माय आणि मी बापाच्या मागंच उभ्या होतो. माय म्हणाली, "हाय. देवळाचा."

आणि ती पळत सुटली. मी तिच्या मागं. शेतातून देऊळ जवळच होतं, पण ढेकळांतून अनवाणी पळताना ते काही जवळ वाटलं नाही. कडुलिंबाखाली पोचलो. मायनं दोराचं वेटोळं उचललं, पण वरची गाठ फांदीपाशी होती. मी तशीच उभी राहिले. मला खरंच भीती वाटली. त्या दोरावर प्रार्थना झाली होती.

"माय, देवाला दिल्याला हाय त्यो."

"मग? देवाला काय हिरीत उतरायचंय?" माय ओरडली. "चढ!"

आरडाओरडा ऐकून पाळक बाहेर आले. दाढी करत होते. एका गालावर साबण तसाच. मायनं दोन वाक्यांत सांगितलं. मला वाटलं, आता ते विचार करतील. त्यांनी चपला काढल्या, मला बाजूला केलं आणि स्वतः झाडावर चढले. शिकलेला माणूस, झाडावर चढायची सवय नाही, शर्ट फाटला. गाठ सुटेना तेव्हा दातानं सोडवली. घंटी वाकडी होऊन दोनदा वाजली. मग दोर खाली पडला आणि आम्ही तिघं तो खांद्यावर घेऊन पळालो.

बापानं दोर चाकावर टाकला आणि आधी स्वतः त्याला लोंबकळून झटके दिले. मग म्हणाला, "मी उतरतो. खाली गाठ मारायला कुनीतरी पायजेच."

काठावर कुजबुज झाली. मांगाचा माणूस विहिरीत उतरणार, मालकांच्या अंगाला हात लावणार. मालकीणबाईंनी ती ऐकली.

"पाणी मागून उपसून टाकू," त्या म्हणाल्या. "उतर तू."

मला हे वाक्य पुष्कळ वर्षं टोचलं. पण त्या वेळी त्यांच्याजवळ जेवढं होतं तेवढं त्यांनी दिलं, असं आता म्हणते.

बाप खाली गेला. पाणी मालकांच्या छातीपर्यंत आलं होतं. बापानं त्यांच्या काखेतून दोर घेतला, कमरेभोवती फिरवला आणि गाठ मारली. विहिरीत आवाज घुमतो, म्हणून वर सगळं ऐकू येत होतं.

"मालक, दोराला धरा. डोळे उघडा."

मालकांनी क्षीण आवाजात विचारलं, "कोन्ता दोर हाय रं ह्यो?"

"देवळाचा हाय, मालक."

"तुमच्या देवळाचा?"

"हाव."

"मग सांग त्यांना, वढा," मालक म्हणाले. "तुझा असता तर म्हनलो असतो, ऱ्हाऊ दे."

वरचं बोलणं त्यांनी खालून ऐकलं होतं, आणि एवढ्या दुखण्यातही त्यांना ते सुचलं. वर एक-दोघं हसले, रडता रडता. पुरुषांनी दोर ओढला. चाक कुरकुरलं, दोर ताणून लाकडासारखा झाला, पण एक धागा उकलला नाही. मालक वर आले आणि बेशुद्ध झाले. त्यांना उचलून सगळे गाडीकडं पळाले. मुखेडला न्यायचं की थेट नांदेडच्या दवाखान्यात, यावर ओरडाओरड चालली होती. आणि दोर त्यांच्या कमरेलाच बांधलेला, मातीतून मागं घसटत निघालेला.

माझा बाप विहिरीत होता.

हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. मी मुद्दाम म्हणत नाही. त्यांचा माणूस मरत होता. माय मात्र गाडीच्या मागं पळाली. ती गाठ कुणाला सुटत नव्हती, एकानं विळा काढला होता. मायनं त्याचा हात धरला, हो, हातच धरला, आणि म्हणाली, "कापू नका." ती गाठ आमच्या घरची होती. कुठलं टोक दाबायचं ते तिला माहीत होतं. तिनं ती सोडवली आणि दोर ओढत परत आली.

काठावर आता मी आणि पाळक एवढेच उरलो होतो. पाणी बापाच्या गळ्याशी. तो कपारीला धरून उभा होता आणि वर बघत होता. हाक मारत नव्हता. मी मारत होते. आम्ही दोर सोडला, त्यानं काखेतून बांधला, आम्ही तिघांनी ओढला. हातभर वर आला आणि थांबला. पाळकांच्या तळहाताची साल निघाली. माय म्हणाली, "सोडू नगा." ते म्हणाले, "नाही सोडत." पण ओढलंही जात नव्हतं.

तेवढ्यात मालकीणबाई परत आल्या. नवऱ्याला गाडीत घालून, दिराला बरोबर पाठवून.

माय म्हणाली, "तुमी गेल्या न्हाईत?"

"हितं एकजन हाय की अजून," त्या म्हणाल्या.

मोटेचे बैल झाडाखाली बांधलेले होते. त्यांनी बैल सोडून आणले, दोराचं टोक जुवाला अडकवलं आणि बैलांपुढं उभ्या राहिल्या. मोट हाकणं बाईचं काम नव्हे. त्यांना हाकायचं नीट येतही नव्हतं. पण बैलांना त्यांची वाट ठाऊक होती. ते उतारावरून सावकाश चालत गेले, पाळक चाकाजवळ उभे राहून दोर सरळ ठेवत होते, आणि माझा बाप मोटेसारखा वर आला.

तो काठावर पालथा पडून राहिला. मालकीणबाईंनी कळशीतून पाणी ओतलं, वरून. तो ओंजळीनं प्याला. तेव्हा तसंच होतं. पाळक शेजारी मातीत बसले होते, गालावरचा साबण वाळून पांढरा झालेला.

धाकट्या मालकांनी नांदेडहून आल्यावर काठी मारलीच. एकदाच मारली, पाठीवर. बाप म्हणाला, "आनखी मारा." मग त्यांचा हात उठला नाही.

त्या रविवारी देवळात उपदेश झाला नाही असं म्हटलं तरी चालेल. पाळकांच्या हाताला फडकी बांधलेली होती. लोकांनीच आधी तक्रार केली. अर्पण केलेला दोर विहिरीवर गेला, एका हिंदूच्या मोटेला लागला, आता तो परत आणणार का नाही? कारण मालकांच्या शेतात बैल उभे, ऊस वाळायला लागलेला आणि गावात धड नाडा एकच. पाळक म्हणाले, "दोर तिकडंच राहील. देवाला दिला होता, देव तो वापरून राहिलाय." मग बापाकडं बघून म्हणाले, "चूक याची एकट्याची नाही. मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. उत्तम ते देवाचं, एवढं सांगितलं. उरलेलंही त्याचंच, हे सांगितलं नाही. आपला प्रभू वयाची तिशी येईपर्यंत सुतार होता. लोकांची दारं, नांगर, जू करत होता. ती काय त्यानं कशीही केली असतील? देवळातलं काम तर त्यानं नंतर सुरू केलं."

मागून माय पुटपुटली, "मी ह्येच म्हनत होते."

सगळं देऊळ हसलं. पाळकही हसले. बाप नाही हसला.

त्या उन्हाळ्यात त्यानं गावातला एकेक नाडा उतरवून आणला, पीळ उलगडला, काळा वाख काढून जाळला आणि उरलेल्याचे आखूड दोर वळले. मोटा दोन-दोन शेतांनी मिळून आळीपाळीनं चालवल्या. शिव्या पुष्कळ खाल्ल्या. पुढच्या अंबाडीला त्यानं सगळ्यांना नवे नाडे दिले. घंटी तोवर लोखंडी सळईनं वाजवायचो. शेवटी तिला दोर मिळाला तो तोकड्या वाखाचा, बारीकसा. बाप म्हणाला, "चिमनी बसली तरी पुरे." मायनं मला हळूच चिमटा काढला.

त्यानंतर नाडा वळायला घेताना तो डोळे मिटायचा. फार वेळ नाही. मग मधला पदर आधी वळायचा, जो कुणाला दिसत नाही तो.

मी लग्न होऊन लातूरला गेले आणि सगळा जन्म दवाखान्याच्या फरशा पुसल्या. कामाच्या पवित्रपणाबद्दल मी पुष्कळ उपदेश ऐकले. पुष्कळदा ते सांगणारा खुर्चीत असतो. काम पवित्र म्हणून काम करणाऱ्याला वरून पाणी ओता, असं त्यातून निघत असेल तर मला ते नको. पण खाटेखालचा कोपरा मी कधी सोडला नाही. त्याला मी पवित्र वगैरे म्हणत नाही. तिथं कुणीतरी लटकलेलं असतं, एवढं मला माहीत आहे.

मालकांचा पाय आखूड राहिला. ते काठी घेऊन चालायचे आणि आमच्या घरासमोरून जाताना बापाला हाक मारून विचारायचे, "काय रं, आतून पांढरा हाय ना?" मांगवाड्यात दुसऱ्या कुणाशी ते असं बोलत नसत. मालकीणबाई त्यांच्या आधी गेल्या. पाळकांची बदली झाली, पुढचं माहीत नाही.

त्या दिवशी विहिरीत दोन माणसं उतरली होती, मालक आणि माझा बाप. दोघंही वाचले.